डबल रायफलला कारखान्याचं काडतूस की हातानं भरलेलं?

डबल रायफल म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेली रायफल. तिच्या नळ्या समांतर वाटतात, पण तोंडाकडे त्या किंचित जवळ आणलेल्या असतात. उजव्या नळीचा बार काढला की धक्का मध्यरेषेच्या उजवीकडे बसतो आणि गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल वर व उजवीकडे वळलेली असते. डाव्या नळीच्या बारानं ती वर व डावीकडे वळते. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या जवळजवळ एकाच जागी लागाव्यात म्हणून कारागीर एकाच ठरावीक काडतुसाचे बार काढत, तोंडाजवळची पाचर सरकवत हा हिशेब जुळवतो. हेच रेग्युलेशन.

रायफल नवी असेल, बनवणाऱ्यानं ती कोणत्या काडतुसावर जुळवली हे सांगितलं असेल आणि सोबत चाचणीचं टार्गेटही दिलं असेल, तर तेच काडतूस घ्या. हातानं भरण्याची, म्हणजे दारू आणि गोळी स्वतः निवडून काडतूस तयार करण्याची, गरजच नाही.

जुन्या रायफलीची गोष्ट वेगळी. उदाहरणार्थ, .470 नायट्रो एक्सप्रेस या शिकारी काडतुसाचं मूळ रूप म्हणजे 500 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी, 75 ग्रेन कॉर्डाइट ही त्या काळची दारू आणि कागदावर 2150 फूट प्रति सेकंद वेग. हा वेग लांब चाचणी-नळीतला; प्रत्यक्ष रायफलीच्या आखूड नळीतून तो कमीच मिळे. त्यामुळे आजचं काडतूस खरोखर 2150 देत असेल, तर ते त्या रायफलीला जास्त वेगवान ठरू शकतं. अशा रायफलीसाठी मी हातानं भरलेल्या काडतुसाच्या बाजूनं आहे. मात्र तो 75 ग्रेनचा आकडा आजच्या दारूला कधीही लावू नका, तो फक्त कॉर्डाइटचा आहे. सुरुवात आजच्या दारूच्या छापील तक्त्यातल्या किमान भारापासूनच (भार म्हणजे दारूचं माप) करा.

नुसत्या क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, विसंबू नका. नळ्या वेगाच्या आकड्यावर जुळवलेल्या नसतात; गोळी नळीत असताना रायफल किती हलते, त्यावर त्या जुळवलेल्या असतात. म्हणून टार्गेट वाचा. उजव्या नळीच्या गोळ्या फार उजवीकडे आणि डावीच्या फार डावीकडे जात असतील, तर भार मंद आहे. उजवीच्या गोळ्या डावीकडे आणि डावीच्या उजवीकडे, अशा एकमेकींना ओलांडत असतील, तर भार जास्त आहे. दोन गटांच्या मध्यांमध्ये साधारण नळ्यांमधल्या अंतराइतकं किंवा त्याहून थोडं कमी अंतर राहिलं की थांबा. उजवी, मग डावी असे जोडीनंच बार काढा आणि प्रत्येक जोडीनंतर नळ्या थंड होऊ द्या. रायफल टेकूवर आवळून ठेवू नका. पुढचा हात टेकूवर आणि रायफल हातात, नाहीतर धक्क्याची चालच बदलते आणि टार्गेट खोटं बोलतं.

तक्त्यातला कमाल भार गाठूनही गोळ्या पांगत असतील, तर पुढे जाऊ नका, हलकी गोळी वापरून बघा. जुन्या पातळ नळ्यांत कडक, एकसंध धातूच्या गोळ्या मी टाळतो; त्यांनी नळीवर ताण येतो.

तिसरा पर्याय म्हणजे नळ्या सोडवून पुन्हा जुळवणं. तो खर्चिक आहे आणि जुन्या रायफलीचं मूळपणही जातं, म्हणून मी तो शेवटी ठेवतो. पण एका नळीचा गट सतत वर आणि दुसरीचा खाली पडत असेल, तर भार कितीही बदलला तरी ते सहसा सुटत नाही. तिथे कारागीरच लागतो.