मॉन्टू की इग्रा? घरात टीबी निघाल्यावर

शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या मावसभावाच्या घरी काकांच्या थुंकीत टीबी निघाला. मग प्रश्न आला बाकीच्यांचा. एक म्हणतो हातावर टोचून घ्या, म्हणजे मॉन्टू; दुसरा म्हणतो रक्ताचीच टेस्ट करा, म्हणजे इग्रा.

आधी एक सांगतो. ज्याला खोकला, ताप आहे किंवा ज्याचं वजन उतरतंय, त्यानं या दोन्हींच्या नादी लागू नये. त्याची थुंकी आणि एक्स-रे बघायचा. शरीराला टीबीच्या जंतूची ओळख झालीय का, एवढंच या टेस्ट सांगतात. जंतू झोपलाय की आजार झालाय, हे दोन्हींना कळत नाही.

मॉन्टूत जंतूची प्रथिनं कातडीत टोचतात. ओळख असलेल्या टी-पेशी (जंतूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तिथं गोळा होतात आणि दोन-तीन दिवसांत जागा कडक होते. वाचायची ती ही कडक सूज, लाली नव्हे. आमच्याकडे एकानं लालीवर पट्टी ठेवून १५ मिमी लिहिलं! दुसऱ्या सिस्टरनं बॉलपेन बाहेरून आत हळू ओढत नेलं, ते जिथं अडलं तिथं खूण केली, दुसऱ्या बाजूनंही तसंच केलं. दोन खुणांत अंतर भरलं ६ मिमी. साधारण १० मिमीला पॉझिटिव्ह धरतात, एचआयव्ही असेल तर ५ लाच.

इग्रात हीच ओळख नळीत तपासतात. रक्तात टीबीच्या जंतूची ठरावीक प्रथिनं मिसळून ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात आणि पेशींनी इंटरफेरॉन-गॅमा हे इशाऱ्याचं रसायन किती सोडलं ते मोजतात. ही प्रथिनं बीसीजी लशीच्या जंतूत नसतात, म्हणून मॉन्टूसारखा लशीमुळे निकाल फसून खोटा पॉझिटिव्ह येत नाही. इग्राचा हा मोठा गुण. पण लॅबवाले तो जरा जास्तच ताणतात. जन्मताच घेतलेल्या बीसीजीचा मॉन्टूवरचा परिणाम दहा वर्षांनंतर फारसा उरत नाही. मोठ्या माणसानं निव्वळ या भीतीपोटी हजारो रुपये घालवू नयेत असं माझं मत.

खरी अडचण वेगळीच. मॉन्टू ४८ ते ७२ तासांत दाखवायला परत जावं लागतं. शिफ्टवाल्याला ते जमत नाही, आणि चुकलं की टोचणं वाया. इग्राला एकदाच रक्त दिलं की झालं.

सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी मधली वाट आहे: टोचणी मॉन्टूसारखी, प्रथिनं इग्रातली. परत जाणं मात्र तिलाही चुकत नाही. मिळत असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

शेवटी काकू आणि वहिनीनं मॉन्टू केली, भावानं इग्रा. फाउंड्रीतल्या सिलिका धुळीनं फुप्फुसं खराब झाली की टीबीचा धोका वाढतो, त्यामुळे त्याला टाळाटाळ परवडणारी नव्हतीच. चार वर्षांच्या पोरीची टेस्टच केली नाही. आजार नाही याची खात्री करून डॉक्टरांनी थेट प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. भावाचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, पण लागण ताजी असली तर टेस्टमध्ये उमटायला आठ-दहा आठवडे लागतात, म्हणून पुन्हा रक्त द्यायला बोलावलंय.