चपट्या टाकीत चार बाय पाच : नऊ महिने, सुमारे ऐंशी शीट्स

घरात बाथरूम एकच आणि माणसं पाच. त्यामुळे ट्रेमध्ये फिल्म धुवायची तर रात्री अकरानंतर, दाराच्या फटीला टॉवेल लावून, आणि बाहेरून "अहो, अजून किती वेळ?" ऐकत. चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मचा (शीट्सचा) कॅमेरा घेतल्यावर पहिले दोन महिने हेच केलं. अंधारात चार शीट्स पत्ते पिसल्यासारख्या खालची वर, खालची वर करत राहायचं. एकीच्या कोपऱ्याने दुसरीचं इमल्शन, म्हणजे चित्र उमटतो तो थर, हमखास ओरखडलं जायचं. शेवटी दिवाळीच्या सुमारास चार शीट्सची चपटी प्लास्टिकची टाकी मागवली. अंधार आता फक्त भरताना लागतो, पुढचं सगळं उजेडात, वॉशबेसिनवर.

टाकी म्हणजे जाड पुस्तकाएवढा डबा. आत दोन चौकटी. एकेका चौकटीच्या दोन्ही अंगांना एक-एक शीट, पाठ आत आणि इमल्शन बाहेर. जेमतेम अर्धा लिटर द्रावण पुरतं. गोल टाकीत मॉड५४ हा शीट्स धरणारा सांगाडा बसवला तर एका वेळी सहा शीट्स होतात, पण लिटरभर रसायन जातं. माझ्या हातून महिन्याला आठ-दहाच शीट्स निघतात, म्हणून मला चपटीच परवडते. चार शीट्सचं क्षेत्रफळ ८० चौरस इंच, म्हणजे साधारण छत्तीस फोटोंच्या एका रोलएवढं. त्यामुळे डी-७६ हा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) पाण्यात एकास एक पातळ केला तरी कमी पडत नाही.

पहिल्या तीन-चार खेपांना निगेटिव्हच्या कडा मधल्या भागापेक्षा गडद आल्या. मी टाकी ताक घुसळल्यासारखी हलवत होतो. आता आधी साध्या पाण्यात दोन मिनिटं भिजवतो, डेव्हलपर झपकन ओततो आणि दर मिनिटाला टाकी चार वेळा सावकाश उलटी-सुलटी करतो, दर वेळी थोडी फिरवून. आभाळ एकसारखं यायला लागलं.

दुसरी भीती जांभळ्या डागांची. शीटची पाठ चौकटीला जिथे टेकते तिथला रंगाचा थर नीट निघत नाही. पहिल्यांदा मला वाटलं फिल्म गेली. काही गेलेली नसते. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) झाल्यावर शीट बाहेर काढून उजेडातच ट्रेमध्ये पुन्हा दोन मिनिटं फिक्सरमध्ये ठेवायची, मग सोडियम सल्फाइटच्या पातळ द्रावणात. डाग जातात.

खरा छळ उन्हाळ्यात. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात तिशी ओलांडतं. एफपी४ प्लस या फिल्मला डी-७६ एकास एकमध्ये २० अंशांना ११ मिनिटं लागतात. २४ अंशांना साधारण साडेसात. याहून गरम झालं की वेळ पाच मिनिटांकडे सरकते आणि फिल्म एकसारखी धुतली जाण्याची खात्री उरत नाही. म्हणून घमेल्यात बर्फाचं पाणी, त्यात डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), फिक्सर, सगळ्या बाटल्या उभ्या. धुण्याचं पाणीसुद्धा आदल्या रात्री माठात भरून ठेवतो. माठाचा हा उपयोग आईला अजून पटलेला नाही.

चेंजिंग बॅग, म्हणजे हात आत घालून अंधारात फिल्म भरायची काळी पिशवी, मे महिन्यात कुकरच. शीट उभी धरून तिच्या कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन आपल्याकडे, हे बोटांना पाठ झालंय. पण बोटं घामेजली की शीट चौकटीत सरकण्याऐवजी बोटालाच चिकटते. मेणवलीच्या घाटावरच्या आभाळात माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट. तेव्हापासून उन्हाळ्यात बॅग बंद. रात्री खोली पूर्ण काळोखी करून, पंखा लावून टेबलावर भरतो. पंख्याने धूळ उडते हे कबूल, पण धूळ नंतर स्पॉटिंगने, म्हणजे प्रिंटवर ब्रशने रंग टिपून, झाकता येते, अंगठा नाही.

आता तक्रार. टोपणातून गळतं. टाकी उलटी केली की मनगटावरून फिक्सरचा ओघळ कोपरापर्यंत. बंद करताना टाकीच्या बाजू दाबून आतली हवा काढली की गळती कमी होते, थांबत नाही. विक्रेत्याला दोनदा मेल केला, उत्तर नाही. शेवटी हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या वायसरांच्या डब्यातून मापाची रबरी रिंग मिळाली, दहा रुपयांत. आता एखादा थेंबच. एवढ्या किमतीच्या वस्तूला हा उद्योग ग्राहकाने का करावा, हा राग मात्र आहे.

महिन्याला वीस-पंचवीस शीट्स काढणाऱ्याला ही टाकी अपुरी पडेल. सलग दुसरी खेप करायची तर चौकटी कोरड्याठाक लागतात, ओल्या चौकटीत शीट अर्ध्यातच अडकते. माझ्यासारख्याने खुशाल घ्यावी, बरोबर दोन जादा रिंगा घेऊन.

पावसाळ्यात हवेतली धूळ खाली बसते, पण वाळवणं लांबतं. म्हणून शीट्स अजून बाथरूममध्येच टांगतो, दोरीला चिमट्यांनी, रात्रभर. सकाळी सहाला जो पहिला अंघोळीला जातो तो आधी मला उठवतो.