प्रात: अरबीतला ऐन डोळ्यांनी तपासायचा असेल तर

अरबी शिकताना मराठी जिभेला सगळ्यात जास्त छळतो तो ऐन, म्हणजे घसा आवळून काढायचा अरबी ध्वनी. अरबीतले ख आणि ग पडजिभेपर्यंत मागे नेणं सरावाने जमतं. ऐनसाठी जिभेचं मूळ आणखी खाली, घशाच्या मागच्या भिंतीकडे ओढावं लागतं, आणि ते साधलं की नाही हे कानाला पटकन कळत नाही. इथे 'प्रात' कामाला येतं. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं हे आवाजाचं विश्लेषण करून तो पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं.

'ईद' घ्या, अरबीत तो ऐनने सुरू होतो. अरबी भाषकाचं रेकॉर्डिंग उघडून 'व्ह्यू अँड एडिट' दाबा आणि फॉर्मंट, म्हणजे तोंड-घशाच्या आकारामुळे आवाजात घुमणाऱ्या वारंवारता, दाखवायला सांगा. लाल ठिपक्यांची सगळ्यात खालची ओळ म्हणजे पहिला फॉर्मंट. ती बरीच वरून सुरू होते आणि ई येईपर्यंत 300 हर्ट्झच्या आसपास उतरते. घसा खाली आवळला की हा फॉर्मंट चढतो, म्हणून ही उतरण ऐनची चांगली खूण. आपल्या मराठी 'ईद'मध्ये ती ओळ सुरुवातीपासून खालीच असते.

गडबड होते ती सेटिंगमध्ये. प्रात फॉर्मंट जिथवर शोधतं ती वरची मर्यादा मुळात 5500 हर्ट्झ असते, ती बायकांच्या आवाजाला ठीक. पुरुषाच्या आवाजाला 5000 करा. नाहीतर ऐनपुढे आ आला की जवळ आलेले पहिले दोन फॉर्मंट एकच म्हणून दाखवले जाऊ शकतात. ऐनमध्ये आवाज अनेकदा किरकिरा होतो, तेव्हा पिचची (आवाजाच्या पट्टीची) निळी रेषा तुटते. ती उच्चारातली चूक समजू नका.

रेकॉर्डिंग 44100 हर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइलमध्ये हवं. फोनचं नॉइज सप्रेशन बंद ठेवा, कारण अरबीतला घशातला ह हा नुसता घासटीचा आवाज. तो गोंगाट समजून पुसला जातो.

मेनू सगळे इंग्रजीत आणि जुन्या धाटणीचे. उच्चार बरोबर की चूक हे प्रात सांगत नाही, घशात नेमकं कुठे आवळलंय तेही दाखवत नाही. रशियातल्या दागेस्तानातल्या अगुलसारख्या भाषेत घशातल्याच दोन जागांचे ध्वनी वेगळे मानतात, तिथे नुसत्या स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या या चित्रावर, भागत नाही. तुलनेला शक्यतो आपल्यासारख्याच आवाजाचा, बाईला बाईचा, पुरुषाला पुरुषाचा नमुना घ्या, आणि आकडे जुळवण्यापेक्षा ओळीचा उतार जुळवा.