प्रदर्शनात घेतलेले दोन एप्रन: चार महिन्यांच्या वापरानंतरचे मत

पुण्यातील एका हस्तकला प्रदर्शनातून मी गेल्या डिसेंबरात दोन एप्रन विकत घेतले. त्यांपैकी एक खणाचा, ६५० रुपयांचा होता आणि दुसरा ठशांच्या छपाईच्या सुती कापडाचा, ४५० रुपयांचा. मी स्वतःही एप्रन शिवून प्रदर्शनांत मांडत असल्यामुळे ही खरेदी थोडी हेरगिरीची होती, हे आधीच कबूल करते. मात्र दोन्ही एप्रन मी रोजच्या स्वयंपाकात आलटूनपालटून वापरले आहेत आणि पुढील मत त्या वापरावरच आधारलेले आहे.

खणाचा एप्रन प्रथमदर्शनी फारच देखणा होता. मांजरपाटाच्या पायावर छातीशी आणि खिशाला वांगी रंगाचा, हिरव्या काठाचा खण लावलेला होता. शिवणकाम पाहायचे तर कपडा उलटा करून पाहावा, या सवयीने मी तो दुकानातच उलटा केला, तेव्हा आतून एकही दशी बाहेर दिसली नाही. काखेच्या गोलाईला तिरकी कापलेली पट्टी लावली होती व ती कुठेही न फुगता सपाट बसली होती. ही पट्टी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपी कापली तरच ती गोलाईवर ताणून बसते, पण त्यात कापड बरेच वाया जाते, म्हणून अनेक जण सरळ पट्टीवर भागवतात. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांना पक्की उलटसुलट टीप होती. कमरेचे बंद पाठीमागून फिरवून पुढे गाठ मारता येईल इतके लांब होते. शिवणाऱ्या हाताला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असेच हे काम आहे.

तक्रार आहे ती कापडाची. पहिल्या धुण्यातच मांजरपाट आटला, खण मात्र होता तसाच राहिला, त्यामुळे छातीवरचा तुकडा पापडासारखा फुगला आणि कडेच्या टिपेला चुण्या पडल्या. मांजरपाटाला खळ असते व तो हमखास आटतो, म्हणून कापण्यापूर्वी तो रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा लागतो. तो दीड दिवस येथे वाचवलेला दिसला. पण खण मुळीच आटला नाही, यावरून मला वेगळीच शंका आली. काठाजवळचा एक धागा ओढून मी काडीवर धरला, तर तो जळण्याऐवजी आक्रसत गेला आणि टोकाला काळा, कडक मणी तयार झाला. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो व मऊ राख उरते, रेशीम केस जळल्यासारखा वास देते; वितळून मणी होतो तो पॉलिस्टरचा.

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, गुळेदगुड्ड येथे हातमागावर विणला जाणारा आणि त्रिकोणी घडी घालून विकला जाणारा खण वेगळा, आणि त्याची नक्षी उचलून यंत्रमागावर काढलेले हे चकचकीत कापड वेगळे. चोळीसाठी किंवा तोरणासाठी कोणी ते वापरले तर माझी हरकत नाही. परंतु एप्रन घालून आपण गॅससमोर उभे राहतो. सुती कापडही पेट घेते हे खरे, पण पॉलिस्टर वितळून त्वचेला चिकटते, आणि येथे ते नेमके छातीवर लावलेले आहे. विकताना मात्र ‘सगळे कॉटनच आहे, ताई’ असे मला सांगण्यात आले होते.

दुसऱ्या एप्रनविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्याने काही त्रासच दिला नाही. पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग गेला, तो वेगळा धुतल्यामुळे कशाला लागला नाही. हळदीचे डाग त्या नक्षीत बेमालूम मिसळतात. खिशाला लावलेली लेस तेवढी अनावश्यक आहे; ती ड्रॉवरच्या मुठीत दोनदा अडकली, तेव्हा मी ती उसवून टाकली. गळ्याचा बंद मापाप्रमाणे कमी-जास्त करण्यासाठी दोन कड्या आहेत, ही सोय ६५० रुपयांच्या एप्रनला नव्हती आणि उंचीने कमी असलेल्या माझ्या सासूबाईंना तो त्यामुळेच गुडघ्याखाली येत असे.

प्रदर्शनात एप्रन घेणाऱ्यांनी रंगाआधी खणाचा धागा तपासावा. धागा देण्यास विक्रेता कुरकुरला तर छपाईचा सुती एप्रन घ्यावा. मी माझ्या एप्रनवरचा खण उसवून काढला, त्याची एक कापडी पिशवी केली आणि छातीशी जुन्या सुती साडीचा तुकडा, या वेळी आधी भिजवून, लावला. त्या उत्तम पट्टीला मात्र मी हात लावलेला नाही.