१०००/६०००चा दगड आणि हिरवी पेस्ट: वस्तऱ्यावर दहा महिने वापरल्यानंतर

काल विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं. वापरलेला दगड परत घेता येणार नाही, आणि दगडात खोलगटपणा आलाय तो तुमच्याच वापराने. चार मेल, दोन फोन, दगडाचे फोटो, सगळं वाया. त्यांना पटलं नाही ते इथे लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी पाच महिने वाचतील.

सामान थोडक्यात सांगतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून ६०० रुपयांना घेतलेला वस्तरा, पात्याच्या मुळाशी सोलिंगेनचा, म्हणजे पात्यांसाठी नावाजलेल्या जर्मन गावाचा शिक्का. एका बाजूला १००० (भरड) आणि दुसऱ्या बाजूला ६००० (बारीक) नंबरचा धार लावायचा जपानी दगड, ४,२०० रुपये. चामड्याचा साधा पट्टा, शिवाय लाकडी फळीवर चिकटवलेलं चामडं आणि त्यावर अर्ध्या मायक्रॉनच्या कणांची क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट, हे मिळून १,१००.

पहिले दोन महिने मी पेस्टवर बेहद्द खूश होतो. दगडावर तास घालवून जी धार येत नव्हती, ती फळीवर तीस हात मारले की यायची. मनगटावरचे केस नुसत्या स्पर्शाने तुटायचे. दाढी पहिल्या दिवशी छान, दुसऱ्या दिवशी बरी, तिसऱ्या दिवशी मात्र गालावर केस ओढले जायचे. नाकाखाली वस्तऱ्याचं टोक चालतं, तिथे कधीच तक्रार नव्हती. गालावर मधलं पातं चालतं. हा फरक रोज दिसत असूनही त्याचा अर्थ मला लागला नाही, याची हळहळ अजून जात नाही. मी आपला दर तिसऱ्या दिवशी फळी काढून पेस्टवर आणखी हात मारत राहिलो. तेव्हा लिहायला बसलो असतो तर 'पेस्ट आधी घ्या, दगडाचं नंतर बघू' असंच लिहिलं असतं.

आमच्या गल्लीतल्या सलूनचे काका सत्तरीला आलेत. दुकानात आता सगळीकडे असतो तसा अर्धं ब्लेड खोचायचाच वस्तरा आहे, पण वडिलांच्या धोकटीतला निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, त्यांनी जपून ठेवलाय. एका संध्याकाळी माझा वस्तरा त्यांच्याकडे नेला. त्यांनी धारेला बोट लावलं नाही, केस कापून पाहिला नाही. आरशावरच्या दिव्याखाली धार वर करून धरली आणि सरळ वरून पाहिलं.

"दादा, हे बघा. मधे चमकतंय."

खरंच. दोन्ही टोकांकडे काहीच दिसत नव्हतं आणि मधे बोटाच्या पेराएवढी चंदेरी रेघ होती. धार नीट लागलेली असेल तर उजेड परत फेकायला तिथे जागाच उरत नाही. रेघ दिसते तिथे पातं बोथट.

"इथं दगड लागलाच नाही," काका म्हणाले. "पाणी चढलं होतं का वर?"

पाणी चढणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. ओल्या दगडावरून पातं पुढे सरकताना धार लागलेली नसेल तर पाणी धारेपुढे ढकललं जातं. धार लागली की तेच पाणी धारेवरून पात्याच्या तोंडावर चढतं. मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे सारखं चढेपर्यंत १०००ची बाजू सोडायची नाही.

घरी येऊन धारेला मार्करची शाई लावली आणि दगडावर पाच हात सरळ ओढले. मुळाची गेली, टोकाची गेली, मधली जशीच्या तशी. हात चुकत होता म्हणावं तर वस्तऱ्याला कोन आपण धरायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकली की सोळा-सतरा अंशांचा कोन आपोआप बसतो. राहिला दगड. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखल्या, काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून बसवला आणि दगड त्यावर फिरवला. कडांच्या रेघा पाचसहा फेऱ्यांत गेल्या. मधल्या जायला चाळीस मिनिटं लागली, बेसिनमध्ये सगळा तांबडा चिखल. मग ६०००ची बाजू घेतली, तिथेही तेच. ती बाजू मी जेमतेम वापरली होती, पेस्टनेच भागत होतं ना! विक्रेत्याला मी हेच विचारत होतो: जी बाजू जेमतेम वापरली ती माझ्या वापराने झिजली कशी?

नवा दगड तंतोतंत सपाट नसतो, हे मी आता मान्य करतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला ते चालून जातं. वस्तऱ्याचं पातं सरळ असतं आणि दगडावर सपाट पडून राहतं, त्यामुळे केसाएवढा खोलगटपणाही मधल्या धारेला दगडापासून लांब ठेवतो. माझा राग आहे तो खोक्यातल्या कागदावर. किती वेळ भिजवा, उन्हात वाळवू नका, सगळं छापलंय. 'आधी सपाट करा' ही एक ओळ नाही. ४,२०० रुपयांच्या वस्तूबरोबर एवढं सांगायला हवं होतं.

आणि पेस्टने हे सगळं झाकून ठेवलं. चामडं दबतं, त्यामुळे दगड पोचत नव्हता तिथे ते पोचायचं आणि बोथट कडेलाच चकाकी द्यायचं. त्यावर वरचेवर घासलं की कड गोल होत जाते, म्हणून ती दोन दाढ्यांत बसायची.

दगड सपाट केल्याला आता पाच महिने झाले. त्या दिवशी १०००वर पाणी चढेपर्यंत काम केलं, मग ६०००वर, नुसत्या वस्तऱ्याच्या वजनाने. शेवटी पेस्टवर दहाच हात, पाठ पुढे ठेवून, दर हाताला पाठीवरूनच उलटवत. रागाच्या भरात पेस्ट टाकून द्यायला निघालो होतो, बरं झालं टाकली नाही. आता तीन आठवड्यांनी एकदा तेवढे दहा हात पुरतात, रोज फक्त साध्या पट्ट्यावर पन्नास. दगड त्यानंतर एकदाच काढला, तोही आधी पेन्सिलीच्या चौकटी घासून. पावसाळ्यात मात्र पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवल्याशिवाय वस्तरा ठेवू नका. माझ्या पात्यावर एका रात्रीत गंजाचा ठिपका आला.

पैसे वाचवायला यात येणार असाल तर हिशोब सांगतो. माझा खर्च ५,९००. साध्या रेझरची ब्लेडं मला वर्षाला दोनशेच्या आत पुरायची. म्हणजे फिटायला तीस वर्षं. आणि सगळ्यात मोलाचं काम केलं ते वीस रुपयांच्या वॉटर पेपरने, तो मात्र दगडाच्या आधी आणा.

काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी निसणा काढून दाखवला. दोन पिढ्यांच्या हातांनी मधे बशीसारखा खोल झालाय, कडेच्या दोन बोटं रुंदीच्या पट्टीवरच ते काम भागवतात. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा तो घेऊन घरी येणार आहेत. वॉटर पेपरचे चार ताव आणून ठेवलेत.