चिनी शिकायला समरमध्ये बाहेर जायचंय, पण बीजिंग की तैपेई?

मी दोन्हीकडे जाऊन आलेय. २०१९ ला बीजिंगला सहा आठवडे, तेव्हा बीएला होते, आणि २०२४ ला तैवानच्या तैपेईला दोन महिने. त्यामुळे जानेवारी उजाडला की कोणीतरी ज्युनिअर विचारतंच, ताई कुठे जाऊ? मी उलट विचारते, क्लास सुटल्यावर काय करणार आहेस? कारण क्लासात दोन्हीकडे जवळपास तेच चालतं, सकाळी तीन-चार तास, रोज डिक्टेशन, रोज नव्या शब्दांचा ढीग, आणि दुपारी तुम्ही मोकळे. फरक पडतो तो त्या दुपारपासून.

पण आधी तारखा बघा. आपली सुट्टी एप्रिल-मे आणि त्यांचा उन्हाळा जुलै-ऑगस्ट, म्हणजे इकडे लेक्चर्स सुरू झालेली असतात आणि अटेंडन्सची बोंब होते. म्हणून बरेच जण तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की पुढची अॅडमिशन होईपर्यंतच्या गॅपमध्ये जाऊन येतात, मीही पहिल्यांदा तेच केलं.

बीजिंगमध्ये परदेशी पोरं बहुतेक वूदाओखौ भागात सापडतात. तिथे बीजिंग लँग्वेज अँड कल्चर युनिव्हर्सिटी आहे, १९६२ ची, मुळात परदेशी लोकांना चिनी शिकवायलाच काढलेली, आणि पेकिंग न् त्सिंगहुआ युनिव्हर्सिटीही जवळच. ऐकायला भारी वाटतं ना? पण तोच सापळा आहे. हॉस्टेलमध्ये कोरियन, रशियन, थाई, कझाक सगळे, आणि सगळ्यांना मिळून येणारी भाषा एकच, इंग्लिश. वूदाओखौत राहून इंग्लिश सुधारून आलेले लोक मी बघितलेत. गेटबाहेर पडलात तर मात्र शहर तुमच्यासाठी थांबत नाही. फळवाला एकदा दर सांगणार, नाही कळला तर दुसऱ्यांदा तेच, फक्त मोठ्याने. सुरुवातीला रडू येतं पण तिसऱ्या आठवड्यात आकडे कानात बसलेले असतात.

तैपेईत बरोब्बर उलटं. लोक इतके गोड की तुम्ही अडखळलात की लगेच तुमच्या मदतीला येतात, आणि जी तरुण आहेत ती मदत इंग्लिशमधून करतात. मी तर सरळ सांगायचे की मला इंग्लिश येत नाही, खोटं बोलून सराव केलाय मी. म्हातारी माणसं आणि बाजारातल्या मावश्या मात्र खजिना, तासभर बोलतात, अर्थात मध्येच तैवानी बोलीत घसरतात मग आपण नुसती मान हलवायची. तिथली जुनी जागा म्हणजे नॅशनल तैवान नॉर्मल युनिव्हर्सिटीचं मँडरिन सेंटर, १९५६ पासूनचं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केविन रड तिथेच शिकलेत.

उच्चारांबद्दल थोडं जास्त बोलते कारण मराठी माणसाला इथे फुकटचा फायदा आहे आणि कोणी सांगत नाही. पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार इंग्लिश अक्षरांत लिहायची पद्धत, तिच्यातला बी म्हणजे आपला ब नाही, तो प आहे, आणि पी म्हणजे श्वास सोडून म्हटलेला प, म्हणजे फळातला जुना फ, फॅनमधला नाही. तसंच जी म्हणजे क, के म्हणजे ख. झेड म्हणजे चमच्यातला च! अमेरिकन पोरं जे महिनाभर घोटतात ते आपल्याला आईच्या दुधातून आलंय. आपण मार खातो तो टोनमध्ये, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या सुरांच्या चढ-उतारात, तो सगळेच खातात. आता बीजिंगमध्ये शब्दाच्या शेवटी र लावायची सवय, 'कुठे' ला तिकडे नार, तैपेईत नाली. आणि तैपेईत श आणि स बऱ्याच जणांच्या तोंडी एकच होतात, त्यामुळे चार आणि दहा ऐकताना जीव जातो. शब्दही वेगळे, बीजिंगमध्ये थूतौ म्हणजे बटाटा, तैपेईत तोच शब्द म्हणजे शेंगदाणे. मी पहिल्याच आठवड्यात भाजीसाठी थूतौ मागितले आणि हातात शेंगदाण्यांची पिशवी घेऊन परत आले.

लिपीचं टेन्शन लोक उगाच जास्त घेतात असं मला वाटतं, पण आहे हे खरं. चीनमध्ये सोपी केलेली अक्षरं, तैवानमध्ये जुनी. 'ऐकणे' हे अक्षर चीनमध्ये ७ रेघांत होतं, तैवानमध्ये २२. पण जुन्यात कान आहे आणि सोप्यात तोंड आहे, तोंडाने ऐकायचं म्हणे! एकदा जुनी हाताला बसली की सोपी ओळखता येतात, उलटं जास्त जड जातं. तरी दोन सेमिस्टर सोपी लिपी करून एचएसके, म्हणजे चीनची चिनी भाषेची परीक्षा, द्यायचा विचार असेल तर दोन महिन्यांसाठी गाडी रुळावरून काढू नका, बीजिंगलाच जा. पाटी कोरी असेल तर तैपेई चालेल.

पैशाचं म्हणाल तर तैपेईचं पारडं एकाच गोष्टीने जड होतं, तैवान सरकारची ह्वा-यू स्कॉलरशिप. त्यात उन्हाळ्याचा दोन महिन्यांचा पर्याय असतो, रक्कम बरीच वर्षं महिना २५,००० तैवान डॉलर होती, फी आणि खोलीभाडं जाऊन थोडे उरायचे. अर्ज मात्र फेब्रुवारी-मार्चमध्येच आटपावा लागतो, मे महिन्यात जागे झालात तर विसरा. माझ्या वेळी कागद दिल्लीला पाठवावे लागले होते, आता ऑक्टोबर २०२४ पासून तैवानचं ऑफिस मुंबईतही आहे. तैपेईला बहुतेक विमान बदलूनच जावं लागतं, हाँगकाँग नाहीतर बँकॉक. चीनची थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगचौपासून परत सुरू झालीयेत.

शाकाहारी असाल तर विचारूच नका, तैपेई. बौद्ध पद्धतीची बुफे दुकानं गल्लोगल्ली, ताट भरा, वजन करा, पैसे द्या, आणि कांदा-लसूणही नाही, चातुर्मासवाल्या आजीलाही चालेल. बीजिंगमध्ये मांस नको म्हटलं की खिमा टाकून आणतात, त्यांच्या हिशेबात तो मांसात धरत नाहीत. वांगं-बटाटा-ढोबळी मिरचीची भाजी मिळते तेवढ्यावर मी सहा आठवडे काढले. हवा दोन्हीकडे वाईट उकाड्याची, पण तैपेईचा घाम वेगळाच आणि वर वादळं, जुलै २०२४ मध्ये गेमी आलं तेव्हा दोन दिवस शहर बंद होतं.

बीजिंगसाठी एक मनापासूनचं कारण आहे. हायस्पीड ट्रेनने दीडेक तासात शिज्याच्वांग, तिथे आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची समाधी आहे. ते १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथेच चिनी बोलायला-लिहायला शिकले. त्यांचं चिनी नाव ख तीह्वा, वयस्कर माणसासमोर घेऊन बघा, मग पुढचा तासभर तुम्हाला फक्त ऐकायचंय.

घरच्यांशी बोलायची सोय मात्र निघण्याआधीच करून ठेवा. चीनमध्ये व्हॉट्सअॅप, गुगल बंद, आणि त्यांचं चॅट अॅप वीचॅट आपल्याकडे जून २०२० पासून बंद. इंटरनॅशनल रोमिंगचं सिम घेतलं की व्हॉट्सअॅप बहुतेक चालतं, तेवढा खर्च धराच, नाहीतर आई तिसऱ्या दिवशी दूतावासाला फोन लावेल.