कोकणातल्या पावसाळ्यात पावडरचा पंप

दम्यासाठीचा कॅप्सूलवाला पावडरचा पंप मे महिन्यात जसा चालतो तसा जुलैत चालत नाही, आणि दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्याने तो घ्यावा का? जरूर घ्यावा. पण कुठल्या घडणीचा घ्यायचा आणि कॅप्सूलची बाटली घरात कुठे ठेवायची, हे आधी ठरवून घ्यावा.

आधी आत काय असतं ते पाहू. कॅप्सूलमध्ये साधारण 25 मिलिग्रॅम पावडर असते. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या फॉर्मोटेरॉल या औषधाचा डोस 6 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या पावडरीच्या चार हजार भागांत जेमतेम एक भाग. बाकी जवळजवळ सगळं लॅक्टोज, दुधातली साखर. फुप्फुसात खोल पोचायला औषधाचा कण 1 ते 5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लागतो. मोठा असला तर घशावर आपटतो, फारच बारीक असला तर उच्छ्वासाबरोबर परत येतो. पण इतकी बारीक पूड आपापसात चिकटते आणि कॅप्सूलमध्ये मोजून भरता येत नाही. म्हणून ती लॅक्टोजच्या कितीतरी मोठ्या खड्यांवर बसवतात, अनारशाला खसखस लावावी तशी. श्वास जोरात ओढला की खसखस झडून पुढे गेली पाहिजे आणि अनारसा तोंडा-घशातच राहिला पाहिजे. दमट हवेत कणांच्या फटीत पाण्याचा पातळ थर धरतो आणि खसखस झडत नाही. औषध पोटात गेलं तेवढंच.

यंत्रं मुख्यतः दोन घडणीची मिळतात. पहिलं पिळायचं. मागच्या चौकोनी भोकात कॅप्सूल खोचायची आणि बूड फिरवायचं, म्हणजे आतल्या पात्याला अडकून तिचे दोन भाग सुटे होतात. स्वस्त, बिघडण्यासारखं काही नाही, आणि पारदर्शक असल्यामुळे आतलं दिसतं. दुसरं टोचायचं. त्यात कॅप्सूल खाचेत ठेवून झाकण दाबलं की सुया भोकं पाडतात, आणि ओढताना कॅप्सूल आत घरघरते. आमचं मत या दुसऱ्याला. ती घरघर ऐकू आली नाही तर श्वास कमी पडला किंवा कॅप्सूल अडकली, हे म्हाताऱ्या माणसालाही तिथल्या तिथे कळतं. पिळायच्या यंत्रात असा इशारा नसतो. दर वेळी आत डोकावून पाहावं लागतं.

कॅप्सूलचं कवचही पाहून घ्या. जिलेटिनच्या कवचात 13 ते 16 टक्के पाणी असतंच. पावसात ते आणखी ओलावा पितं आणि मऊ पडतं. मग सुई टोचली की भोक न पडता खळगा पडतो. उलट एसी गाडीत दिवसभर राहिलं तर कडक होऊन तडकतं आणि कपचे तोंडात येतात. (गिळले गेले तरी अपाय नाही, पण माणूस दचकतो आणि श्वास अर्धवट सोडतो.) हायप्रोमेलोजच्या (वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेल्या) कवचात पाणी याच्या निम्म्याहून कमी, आणि सुकलं तरी ते सहसा तडकत नाही. पॅकवर हायप्रोमेलोज किंवा एचपीएमसी लिहिलेलं असेल तर कोकणासाठी तेच बरं. मात्र एका कंपनीची कॅप्सूल दुसरीच्या यंत्रात घालू नका. प्रत्येक यंत्र हवेला वेगळा अडथळा करतं, आणि डोस त्या जोडीवरच तपासलेला असतो.

आता साठवण, जिथे बहुतेक घरं चुकतात. औषधाची टिकाऊ चाचणी 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत सहा महिने होते, पण बंद पॅकमध्ये. झाकण उघडल्यावर पुढचं सगळं तुमच्या हातात. दुकानातून दहा सुट्या कॅप्सूल कागदी पुडीत आणणं, आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत सात कॅप्सूल काढून ठेवणं, या दोन सवयी जून ते सप्टेंबर तरी सोडाच. झाकणातली ओलावा शोषणारी सिलिका जेलची चकती काढू नका. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात म्हणून इथेही टाकणारे आहेत. तांदळाची पूड कॅप्सूलला चिकटते आणि छातीत जायची सोय होते. फ्रिजही नको. बाहेर काढलेल्या गार बाटलीला तांब्यासारखा घाम येतो, आणि तो उघडल्याबरोबर आत शिरतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून कपाटातला कपड्यांचा कप्पा सगळ्यात चांगला. एक कॅप्सूल काढली की आधी झाकण घट्ट, मग पुढचं.

पावसापेक्षाही वाईट ओलावा आपल्याच तोंडाचा. पंप ओठांत धरून त्यातच श्वास सोडणं ही सर्रास चूक आहे. अर्धा लिटर उच्छ्वासात 15 ते 20 मिलिग्रॅम पाण्याची वाफ असते, म्हणजे वजनाने जवळजवळ त्या पावडरीइतकीच. सगळी पावडरीवर बसत नाही, पण जेवढी बसते तेवढी पुरते. म्हणून क्रम असा: कॅप्सूल टोचा, पंप बाजूला धरून श्वास पूर्ण सोडा, मग पंपाभोवती ओठ घट्ट मिटून पहिल्या क्षणापासून जोरात आणि लांब ओढा, पंप काढा, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरा. स्प्रेच्या पंपाला सावकाश ओढायचं असतं, याला नेमकं उलट. दोन्ही पंप वापरणाऱ्यांचा इथेच घोळ होतो.

झाल्यावर रिकामी कॅप्सूल उजेडाकडे धरून पाहा. आत पुसटशी पांढरी छटा असेल तर ठीक. टोकाला रव्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर तीच कॅप्सूल परत लावून एकदा ओढा. बाटलीतल्या पुढच्या दोन-तीन कॅप्सूलमध्येही तेच दिसलं तर बाटली बदला. स्टेरॉइडची कॅप्सूल असेल तर खळखळून चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते. आणि हो, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची नसते. हसू नका, हे होतं.

धुण्याचं दुखणं खास आपल्याकडचं. आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने धुवा असं पत्रकात असतं, पण आषाढात रविवारी धुतलेलं यंत्र सोमवारी सकाळी आतून ओलंच असतं. चुलीजवळ किंवा वैलावर ठेवलं तर प्लास्टिक वाकतं. यंत्रं दोन घ्या आणि आलटून पालटून वापरा. किंमत औषधाच्या मानाने काहीच नाही.

उणी बाजूही आहे. लहान मुलं, फार थकलेले वृद्ध आणि जोराचा दम लागलेला कोणीही, यांना ती पहिली ओढ जमत नाही. प्रयोगशाळेत यंत्र तपासताना हवा 4 किलोपास्कल दाबाच्या फरकाने ओढली जाते. धाप लागलेल्याकडून तेवढं होईल असं धरून चालू नका. त्यांच्यासाठी स्प्रेचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी), आणि शेतातला पाचोळा जाळण्याच्या, म्हणजे भाजावळीच्या दिवसांत तर तो घरात हवाच. औषधाची वाफ देणाऱ्या विजेच्या यंत्राच्या, म्हणजे नेब्युलायझरच्या भरवशावर राहायचं तर लाईटचा हिशेब करा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पावडरच्या पंपाला वीज लागत नाही, स्प्रेसारखा गॅस लागत नाही, बोट आणि श्वास यांचा मेळ घालावा लागत नाही. इथल्या दृष्टीने हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी एवढंच, की अर्धी वापरलेली बाटली आणण्यापेक्षा सीलबंद आणा आणि इथे आल्यावरच उघडा. ती देवघराच्या फडताळात ठेवू नका. तिथे धूप-कापराचा धूर, आणि शेजारी पाण्याचा कलश.